गतिरोधन, आपत्कालीन

अकस्मात समोर आलेल्या अडथळ्यावर आदळण्यापूर्वी धावते वाहन शक्य तितक्या कमी अंतरात थांबविणे, या क्रियेस आपत्कालीन गतिरोधन म्हणतात. नेहमीच्या गतिरोधनात थांबण्याचे ठिकाण चालक आधी ठरवितो व त्या बेताने वेग उतरवीत नेतो. आपत्कालीन गतिरोधनात ते ठिकाण अडथळ्यानेच ठरविलेले असते. ‘गतिरोधक’ ही संज्ञा मराठी परिभाषेत प्रथम ब्रेक या यंत्रभागासाठी योजण्यात आली होती. पुढे लोकव्यवहारात ती रस्त्यावरील उंचवट्याला चिकटली. म्हणून प्रस्तुत नोंदीत यंत्रभागासाठी ब्रेक हा सर्वपरिचित शब्द वापरला असून त्याच्या क्रियेस गतिरोधन म्हटले आहे.

वाहन थांबण्यास लागणाऱ्या एकूण अंतराचे दोन भाग पडतात. धोका दिसल्यापासून ब्रेक प्रत्यक्ष लागेपर्यंत वाहन पूर्ववत वेगाने जातच असते, तो पहिला भाग. ब्रेक लागल्यापासून चाके थांबेपर्यंतचा दुसरा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावरील कसाल येथून कट्टा या गावावरून मालवणकडे रस्ता जातो. या रस्त्याने ताशी ६० किमी. वेगाने निघालेल्या मोटारीसमोर वळणापलीकडे एकाएकी गुरे आली, असे समजू. या वेगाने मोटार दर सेकंदास सु. १७ मी. पुढे सरकते. चालकास धोका ओळखून पाय ब्रेकवर नेण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यातच १७ मी. अंतर संपते. त्यानंतर कोरड्या डांबरावर ब्रेक पुरेपूर दाबला असता मोटार आणखी सु. २० मी. जाऊन थांबते. रस्ता ओला असल्यास या २० मीटरांचे ३५ मी. होऊ शकतात. पहिला भाग माणसाच्या डोळ्यांवर, मनावर व स्नायूंवर अवलंबून असतो. दुसरा ब्रेक, टायर व रस्ता यांवर. आपत्कालीन गतिरोधनाच्या इतिहासात यंत्रविशारदांनी प्रदीर्घ काळ केवळ दुसऱ्या भागाकडे लक्ष पुरविले. पहिल्या भागाचा विचार रेल्वेत एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता, तर मोटारीत तो विसाव्या शतकाच्या अखेरीस आला.

रेल्वे व घाट : महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम बोरघाटात तीव्रपणे पुढे आला. मुंबई-पुणे लोहमार्गाचा घाटातील भाग जेम्स बर्कली या अभियंत्याच्या आखणीनुसार बांधण्यात आला आणि १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यात २५ बोगदे होते व सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा होता. गाडीची दिशा उलटविण्यासाठी घाटात एक उलट-स्थानकही होते. १९२९ साली नवी आखणी झाल्यावर ते बंद पडले. त्या काळी ब्रेक फक्त इंजिनाला व ब्रेकच्या डब्यांना असत. मधल्या डब्यांच्या चाकांना कसलाही अटकाव नसे. इंजिनचालकाने शिटी दिली, की ब्रेकवाल्यांनी आपापले चाक फिरवून लाकडी ठोकळे आवळावयाचे, ही पद्धत सपाटीवर चालून जाई. घाटाच्या उतारावर मात्र एकदा गाडीने वेग धरला, की ती आवरणे माणसांच्या हाताबाहेर जाई.

यावर भारतीय लोहमार्गांवरील घाटांत योजलेला उपाय आजही पाहावयास मिळतो. उताराच्या मार्गातून एक फाटा काढून तो चढावर नेऊन संपविलेला असतो. रेल्वेच्या भाषेत त्यास ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. रूळ एरवी या फाट्याकडेच वळविलेले असतात. उतरणाऱ्या गाडीने तेथे येऊन आधी थांबून दाखवावयाचे, मग तिला मुख्य मार्ग मिळावयाचा. थांबू न शकणारी गाडी आपोआप फाट्यावर चढते व तिचा वेग चढच गिळतो. येथे ब्रेक लागलेच असतील असे गृहीत धरलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रेक निकामी आहेत, असे समजून सुरुवात करावयाची व ते चालू असल्याचे प्रत्येक गाडीने सिद्ध करावयाचे, असा हा उलटा न्याय आहे. कर्जत-लोणावळा लोहमार्गावरून प्रवास करणाऱ्यास घाट उतरताना गाडी निर्जन जागी का थांबते याचे नवल वाटते. त्याचे कारण हेच.

हाच न्याय खुद्द ब्रेकमध्ये आणण्याचे श्रेय अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांस दिले जाते. १८६९ मध्ये त्यांनी दाबलेल्या हवेवर चालणारा ब्रेक पुढे आणला. परंतु त्यात नळी फुटली तर सर्व डब्यांचे ब्रेक एकदम नाहीसे होत. १८७२ च्या सुधारित रचनेत त्यांनी हा क्रमच उलटविला. नळीत हवेचा दाब असेतोवर ब्रेक सुटलेले राहतात व दाब घटला, की ते लागतात. त्यामुळे गाडी मध्येच तुटली तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. ब्रिटनमध्ये निर्वात ब्रेक याच तत्त्वावर चाले व भारतातील लोहमार्गांवर दीर्घकाळ तोच प्रचारात होता; पुढे त्याची जागा वायुदाबाच्या ब्रेकने घेतली. प्रवाशाने डब्यातील साखळी ओढताच गाडी थांबते, तीही याच तत्त्वाने. असे ब्रेक सक्तीचे होण्यास मात्र मोठी किंमत मोजावी लागली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीच्या गाडीचे सोडविलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि सु. ८० जण मरण पावले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना सलग स्वयंचलित ब्रेक लावणे कायद्याने बंधनकारक केले.

यानंतरचा टप्पा चालकाविषयीच्या शंकेचा होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर व कुर्ला यांच्या दरम्यान भारतातील पहिली विजेची गाडी धावली. विजेच्या उपनगरी गाडीत मोटरमन एकटा असतो. त्याला मूर्च्छा आली तर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सतत दाबून धरावी लागणारी मूठ. हात सुटला, की वीज तुटते व ब्रेक लागतात. परंतु ही मूठ चालक जिवंत आणि शुद्धीवर आहे एवढेच जाणते. तो सिग्नल पाहतो आहे की नाही, हे तिला कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या उपनगरी मार्गांवर सहायक इशारा प्रणाली बसविण्यात आली. सिग्नलपूर्वी रुळांलगत बसविलेल्या चुंबकांकडून गाडीला सिग्नलची स्थिती समजते. मोटरमनने इशाऱ्याची दखल घेतली नाही किंवा लाल सिग्नल ओलांडला, तर यंत्रणा स्वतःहून गाडी थांबविते. म्हणजे मोटारीतील स्वयंचलित ब्रेकची चर्चा सामान्य लोकांत सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईचा उपनगरी प्रवासी अशा ब्रेकच्या भरवशावर कामास जात होता. त्याची त्याला फारशी जाणीव नव्हती, इतकेच.

मोटारीचे ब्रेक : मोटारीला पहिले ब्रेक घोडागाडीकडून मिळाले. घाट उतरताना बैलगाडीच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबीत, तसाच ठोकळा मोटारीच्या चाकावर दाबला जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी जर्मनीत मानहाइम ते फोर्ट्‌सहाइम हा मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास केला. वाटेतील उतारांवर ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराचा उगम या प्रसंगात दाखविला जातो. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रनो यांचा ड्रम-ब्रेक व इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांचा चकती-ब्रेक असे दोन्ही प्रकार पुढे आले. पैकी ड्रम-ब्रेक पुढील अर्धे शतक सर्वत्र राहिला.

चारही चाकांवर सारखा जोर पोचविणे हे दीर्घकाळ अवघड होते. तारा व तरफा यांनी जोडलेला ब्रेक एका बाजूस ओढत असे. माल्कम लॉकीड यांनी द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक तयार केला. बंद नळीतील द्रवावर एका टोकास दिलेला दाब सर्व टोकांस सारखाच पोचतो, या पास्कालच्या नियमाचा तो उपयोग होय. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. १९२७ मध्ये बेल्जियमचे आल्बेर द्वांद्र यांनी इंजिनाच्या शोषणाने निर्माण होणारी निर्वात अवस्था ब्रेकच्या मदतीस घेतली. मोटार दुरुस्त करणारे ज्यास बूस्टर म्हणतात ते हेच. डब्यासारख्या या भागात एक पटल असून त्याच्या एका बाजूस निर्वात व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. हवेचा हा भार पायाच्या जोराला मिळतो. १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वार मोटारी चकती-ब्रेकच्या बळावर विजयी झाल्या आणि त्यानंतर पुढील चाकांचे ड्रम मागे पडू लागले.

भारतात हे बदल सावकाश आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईची टॅक्सी म्हणून सर्वपरिचित झाली, तिच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेकच असत. ड्रमची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. फोंडा, करूळ किंवा आंबोलीचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणली, तर ड्रम तापून फुगतो, अस्तराचे घर्षण घटते व पेडल खाली जाऊनही गाडी आवरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये तो उतरावयाचा, हा संकेत एस. टी.च्या व मालवाहू गाड्यांच्या चालकांनी कटाक्षाने पाळला. इंजिनाच्या अटकावाचा हा वापर कोणत्याही आधुनिक उपकरणाइतकाच महत्त्वाचा आहे व पुढे वर्णिलेल्या एकाही यंत्रणेने तो अनावश्यक केलेला नाही.

चाक अडकणे : ब्रेक जोरात दाबला, की चाक फिरण्याचे थांबते व टायर रस्त्यावर घसटत जातो. घसरणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा सामान्यतः कमी असते. शिवाय घसरणारे पुढचे चाक वळविले तरी गाडी वळत नाही. म्हणून निष्णात चालक ब्रेक भरभर दाबीत व सोडीत. हे काम यंत्राकडे सोपविण्याची गरज प्रथम विमानांना भासली, कारण उतरताना चाक अडकले, तर टायर फुटे. ब्रिटनमधील डनलॉप कंपनीचे मॅक्सारेट हे यांत्रिक उपकरण १९५० नंतरच्या काळात विमानांत आले व १९६६ मध्ये जेन्सन एफ.एफ. या मोटारीत बसविण्यात आले. ते महाग होते व फारसे पसरले नाही. इलेक्ट्रॉनीय नियंत्रण स्वस्त व जलद झाल्यावर बॉश कंपनीची यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझ मोटारीत उपलब्ध झाली. ए.बी.एस. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. प्रत्येक चाकाजवळील संवेदक चाकाच्या फिरण्याचा वेग मोजतो. एखादे चाक अडकू लागले, की झडपा त्या चाकाचा दाब क्षणभर उतरवून पुन्हा चढवितात. ही क्रिया सेकंदात अनेकदा घडते व चालकाच्या पायास पेडलमधून थरथर जाणवते.

या थरथरीने एक अनपेक्षित अडचण उभी केली. जुन्या वळणाचे चालक ती जाणवताच पाय उचलू लागले. काही सवयीने पेडल दाबीत व सोडीत राहिले. ए.बी.एस. असलेल्या गाडीत ब्रेक एकदा पूर्ण दाबून तसाच धरून ठेवावयाचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेले कौशल्य येथे उलट बाधक ठरले.

ब्रेक-साहाय्य : १९९० नंतरच्या काळात जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीने बर्लिन येथील वाहनसदृशित्रात, म्हणजे चालकास खोलीत बसवून खऱ्या रस्त्याचा भास देणाऱ्या यंत्रात, सामान्य चालकांच्या वर्तनाचे निरीक्षण केले. समोर अकस्मात अडथळा आला असता बहुसंख्य चालक पाय वेगाने ब्रेकवर नेतात, परंतु पुरेसा जोर लावीत नाहीत, किंवा लावला तरी उशिरा लावतात, असे त्यात आढळून आले. ब्रेक समर्थ होते, टायर समर्थ होते. शेवटचा जोर देण्यास पाय कचरत होता. एरवी रोज हलक्या पायाने ब्रेक लावणाऱ्या माणसाच्या अंगी पेडल तळापर्यंत दाबण्याची सवय कोठून असणार? ब्रेकच्या शतकभराच्या इतिहासात हा शोध वेगळ्या जातीचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कारण त्यात यंत्राचा दोष न सापडता माणसाचा संकोच सापडला.

या संकोचाची किंमत आकड्यांत सांगता येते. ताशी ६० किमी. वेगाच्या ज्या मोटारीला पूर्ण जोराने ब्रेक लावल्यास थांबण्यास २० मी. पुरतात, तिला अर्ध्याच जोराने लावल्यास ४० मी. लागतात. इतके बहुतेकांच्या लक्षात येते. परंतु पूर्ण जोराची मोटार ज्या ठिकाणी स्तब्ध होते, त्या ठिकाणी अर्ध्या जोराची मोटार अद्याप ताशी सु. ४२ किमी. वेगाने चाललेली असते, हे सहसा लक्षात येत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने अर्ध्या अंतरात वेग अर्धा होत नाही. त्या जागी माणूस उभा असेल तर पहिल्या मोटारीचा त्याला धक्का लागत नाही आणि दुसरीचा प्राणघातक ठरू शकतो.

१९९६ मध्ये मर्सिडीज-बेंझ मोटारींत यावरील उपाय म्हणून ब्रेक-साहाय्य यंत्रणा आली. तिचे तत्त्व साधे आहे. चालकाचा हेतू त्याने लावलेल्या जोरावरून न ओळखता पेडल खाली जाण्याच्या वेगावरून ओळखावयाचा. बूस्टरमधील संवेदक पटलाची हालचाल सतत मोजतो. नेहमीच्या वापरात पेडल सावकाश उतरते. घाबरलेल्या चालकाचा पाय ते झटक्याने उतरवितो. हा वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की इलेक्ट्रॉनीय नियंत्रक बूस्टरमधील विद्युत् चुंबकीय झडप उघडतो. बाहेरची हवा पटलाच्या मागे पूर्णपणे शिरते व पायाचा जोर कमी असला तरी ब्रेकचा दाब कमाल पातळीस पोचतो. तेथून पुढे चाके अडकू न देण्याचे काम ए.बी.एस. करते, या यंत्रणेविना ब्रेक-साहाय्य धोक्याचे ठरले असते. चालकाने पाय मागे घेताच झडप मिटते व ब्रेक पुन्हा त्याच्या अधीन होतो. पुढे काही उत्पादकांनी हेच काम बूस्टरमधील यांत्रिक अडसराने, तर काहींनी ए.बी.एस.चा पंप वापरून केले. पंपाची पद्धत स्वस्त पडते, कारण तीत नवे भाग फार थोडे लागतात.

ब्रेक-साहाय्य सक्तीचे झाले ते मोटारीतील माणसांसाठी नव्हे, तर पादचाऱ्यांसाठी. युरोपीय संघाने २००९ साली पादचाऱ्यांच्या संरक्षणाविषयी जो नियम केला, त्यात मोटारीचा दर्शनी भाग मऊ असण्याच्या अटींबरोबरच या यंत्रणेचा समावेश होता व २०११ पासून नव्या मोटारींना ती आवश्यक झाली. माणसास धडकल्यावर इजा कमी व्हावी यासाठी बॉनेट बदलण्यापेक्षा धडकेपूर्वीच वेग कमी करणे अधिक परिणामकारक, हा त्यामागील विचार होता.

स्वयंचलित ब्रेक : ब्रेक-साहाय्य चालकाने पेडलला स्पर्श केल्यावरच जागे होते. ज्याने धोका पाहिलाच नाही त्याला त्याचा उपयोग नाही. पहिल्या सेकंदाचा प्रश्न त्यामुळे शिल्लकच राहिला. तो सोडविण्यासाठी वाहनालाच डोळे देणे भाग होते. जपानमध्ये होंडा कंपनीने २००३ मध्ये रडारवर आधारित यंत्रणा मोटारीत आणली. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने २००८ मध्ये शहरी वेगात आपोआप थांबणारी यंत्रणा एका मोटारीत मूलभूत साधन म्हणून दिली. आताच्या यंत्रणांत सामान्यतः पुढील जाळीमागे रडार व समोरच्या काचेवर कॅमेरा असतो. रडार अंतर व जवळ येण्याचा वेग अचूक सांगते, परंतु समोर काय आहे हे त्याला नीट कळत नाही. कॅमेऱ्यास वस्तू ओळखता येते, पण अंतराचा त्याचा अंदाज कच्चा असतो. दोहोंची सांगड घालून नियंत्रक एकच राशी सतत काढीत असतो, ती म्हणजे धडकेपर्यंत उरलेला वेळ. पुढील वाहन ३० मी. अंतरावर थांबलेले असून मोटार ताशी ५४ किमी. वेगाने चालली असेल, तर हा वेळ दोन सेकंद होतो. तो घटत गेला, की प्रथम दिवा व भोंगा यांनी इशारा दिला जातो, मग ब्रेकमध्ये दाब भरून तयारी केली जाते व चालकाने तरीही काही केले नाही, तर ब्रेक पूर्ण लावला जातो. हा निर्णय मुद्दाम शेवटच्या क्षणापर्यंत लांबविलेला असतो, कारण विनाकारण लागलेला ब्रेक मागून येणाऱ्या वाहनास घातक ठरतो. परिणामी अधिक वेगात ही यंत्रणा धडक टाळतेच असे नाही; अनेकदा ती धडकेचा वेग तेवढा उतरविते.

कोकणात याच कल्पनेचा एक वेगळा प्रयोग लोहमार्गावर झाला. १९९९ मधील गैसल येथील भीषण टकरीनंतर कोकण रेल्वेचे अभियंते बी. राजाराम यांनी टक्कर-प्रतिबंधक उपकरण विकसित केले. ते ‘रक्षा कवच’ या नावाने ओळखले गेले. उपग्रहांच्या साहाय्याने प्रत्येक गाडी आपले स्थान जाणते, ते रेडिओलहरींनी जवळच्या गाडीस कळविते आणि दोन गाड्या एकमेकींवर येत असल्यास दोन्हींचे ब्रेक आपोआप लागतात. ईशान्य सीमान्त रेल्वेवर ते बसविण्यात आले. परंतु देशभर त्याचा प्रसार झाला नाही. २०२० मध्ये भारतीय रेल्वेने राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेली ‘कवच’ ही यंत्रणा निराळी आहे. नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत केली जाते. या उपकरणाची मर्यादा सिंधुदुर्ग जिल्ह्यातच दिसून आली होती. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ मार्गावर आलेल्या दरडीवर प्रवासी गाडी आदळली व ५० हून अधिक प्रवासी मरण पावले. दोन गाड्या परस्परांशी बोलू शकतात. दगड आपले स्थान कोणास कळवीत नाही. दरडींवर उपाय करावे लागले ते जाळ्या बसविणे, उतार सौम्य करणे व पावसाळ्यापुरता वेग कमी ठेवणे असे जुन्या धाटणीचे होते.

भारतातील स्थिती : वाहनांच्या चाचण्यांसाठी पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था ब्रेकविषयक मानकांच्या कामातील एक प्रमुख संस्था होय. ए.बी.एस. नव्या प्रकारच्या मोटारींना १ एप्रिल २०१८ पासून व सर्व नव्या मोटारींना १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाले. म्हणजे जर्मनीत ते बाजारात आल्यानंतर चार दशकांनी. स्वयंचलित ब्रेक २०२० नंतर येथे बनणाऱ्या मोटारींत दिसू लागले. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी व २०२१ मध्ये बाजारात आलेली महिंद्र कंपनीची एक्स.यू.व्ही. ७०० ही त्यांपैकी एक. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना अशी यंत्रणा आवश्यक आहे. भारतात मोटारींच्या सुरक्षिततेस तारांकन देणारी ‘भारत एन.सी.ए.पी.’ ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली.

परदेशी रस्त्यांवर घडलेली ही यंत्रणा येथे आणताना काही अडचणी येतात. युरोपातील रस्त्यांवर मोटारीपुढे मुख्यतः दुसरी मोटार असते. येथे बैलगाडी, विरुद्ध दिशेने येणारी सायकल, रस्त्यात बसलेली गाय व एका मोटारसायकलवर तिघे जण असतात. ही रूपे ओळखण्यास कॅमेऱ्याच्या संगणकास वेगळे शिकवावे लागते. कोकणातील मुसळधार पावसात कॅमेऱ्याची दृष्टी मंदावते. रस्त्यावरील तांबडा चिखल उडून रडारवर बसला, तर बहुतेक मोटारी यंत्रणा बंद असल्याचा दिवा दाखवून स्वस्थ बसतात. कट्ट्यासारख्या गावांतून जाणाऱ्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर कुंपणाआडून येणारे गुरू रडारलाही वळण संपल्यावरच दिसते. शिवाय पहिल्या पावसात धूळ व तेल यांचा बुळबुळीत थर रस्त्यावर तयार होतो, तेव्हा टायरची पकडच घटलेली असते. झिजलेल्या टायरला कोणतीही यंत्रणा पकड देऊ शकत नाही. आंबोलीचा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकला संगणकाने आज्ञा दिली काय किंवा पायाने दिली काय, परिणाम एकच.

याहून मोठा प्रश्न ही साधने कोणाच्या वाट्यास येतात हा आहे. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ता-अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण ४४.५ टक्के व पादचाऱ्यांचे १९.५ टक्के होते. स्वयंचलित ब्रेक असलेल्या मोटारीसमोर आलेल्या पादचाऱ्यास तिचा लाभ मिळतो. स्वतः दुचाकीवर असलेल्यास मात्र आपल्या वाहनाकडून असे साहाय्य मिळत नाही. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या माणसाला न विचारता ब्रेक लावला, तर तो हँडलवरून फेकला जाण्याची भीती असते. त्यामुळे दुचाकीच्या बाबतीत विचार चाक अडकण्यापुरताच राहिला. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींना लागू झालेल्या नियमानुसार १२५ घ. सेंमी. हून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीस ए.बी.एस. व त्याखालील दुचाकीस किमान संयुक्त ब्रेक आवश्यक करण्यात आला. संयुक्त ब्रेकमध्ये एक तरफ दाबली असता दोन्ही चाकांवर जोर विभागला जातो. केवळ मागचा ब्रेक लावण्याची सवय भारतीय दुचाकीस्वारांत सार्वत्रिक आहे. पुढचा लावला तर गाडी उलटते, अशी समजूत त्यामागे असते. गतिरोधनाच्या वेळी भार पुढे सरकत असल्याने खरी पकड पुढच्या चाकालाच मिळते. संयुक्त ब्रेक स्वाराच्या नकळत पुढच्या चाकास कामास लावतो. मात्र ओल्या रस्त्यावर चाक अडकलेच, तर ते सोडविण्याची सोय त्यात नसते.